मापात बसलेला गिअर

खडकी स्टेशनजवळच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला, श्यामसुंदररावांनी गिअर टाकला, आणि पायाखालचं पेडल नुसतंच डोललं. मोटरसायकल जागची हलली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवून आकाशपाताळ एक केलं. मागच्या सीटवर हेमाताई मांडीवर भाजीची पिशवी धरून शांत बसल्या होत्या.

"पोपटकडे टाका गाडी," त्या म्हणाल्या.

"त्याचं नाव काढू नकोस."

"बरं. मग ढकला."

श्यामसुंदररावांनी दीड किलोमीटर गाडी ढकलली. हेमाताई रिक्षाने पुढे गेल्या. घामाघूम होऊन ते घरी पोचले तेव्हा भाजी चिरून झाली होती.

पोपट जगदाळ्याचं गॅरेज घरापासून अवघ्या दोन गल्ल्यांवर होतं. सगळी सोसायटी आपल्या गाड्या त्याच्याकडे नेई. फक्त श्यामसुंदरराव नेत नसत. ते त्या गल्लीतून जातही नसत, मग बँकेत जायला वळसा पडला तरी बेहत्तर. एके काळी मात्र दोघांचा डबा एकत्र उघडायचा. कारखान्यात पोपट लेथवर आणि श्यामसुंदरराव तपासनीस. त्याने घडवायचं, यांनी मोजायचं. सहा वर्षांपूर्वी, आपल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, पोपटने पितळेच्या बावीस पिना जीव ओतून केल्या आणि ट्रेमध्ये ओळीने मांडून आणल्या. श्यामसुंदररावांनी मोजल्या. केसभर जाड निघाल्या. त्यांनी बावीसच्या बावीस पिनांना नापासाचा लाल रंग फासला.

तेव्हापासून बोलणं बंद. नियम म्हणजे नियम, असं श्यामसुंदरराव स्वतःला दिवसातून एकदा तरी बजावत. जी गोष्ट माणसाला रोज बजावावी लागते ती त्याला पटलेली नसते, पण हे त्यांना सांगणार कोण? हेमाताईंनी दोनदा सांगून पाहिलं आणि सोडून दिलं.

त्या संध्याकाळी श्यामसुंदररावांनी टॉर्च लावून गाडीखाली पाहिलं. पेडलपासून एक छोटी सळई इंजिनाकडे जाते, आणि सळईच्या टोकाचा दातेरी तुकडा इंजिनातून बाहेर आलेल्या शाफ्टवर बसतो. त्या तुकड्याचे दाते पंधरा वर्षांत झिजून गुळगुळीत झाले होते.

"मी स्वतः बदलतो," त्यांनी जाहीर केलं.

"तुम्ही? कधी साधा स्क्रू पिळलाय का?"

"चौतीस वर्षं मशीनच्या पार्टमध्ये काढलीत मी."

"तपासण्यात काढलीत. पिळत दुसरेच होते."

 ते कपाटातली मापपट्टी घेऊन नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक तुकडा पुढे केला. यांनी चष्मा वर करून तो मोजला आणि परत ठेवला. दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याला दुकानदाराने हात जोडले.

"काका, मोटरसायकलला लावायचाय का रॉकेटला?"

"माप म्हणजे माप."

"मग तुम्ही आत या, मी बाहेर उभा राहतो. सगळा माल तपासून टाका एकदाचा."

सातवा तुकडा पास झाला. सोबत सळईचे दोन सांधे आणि पेडलच्या भोकातली बुशही घेतली, कारण झिजलेल्याच्या शेजारी नवं बसवलं की नवंही लवकर झिजतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रविवारी पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून त्यांनी सगळं खोललं, रॉकेलने पुसलं, ग्रीस लावलं आणि बसवलं. कुठे तसूभर हलत नव्हतं. सैल राहायला नको म्हणून बोल्ट अंगातली सगळी ताकद लावून पिळला. शेवटच्या पिळाला पाना सटकला आणि बोल्टचं डोकं गोल झालं. पण काम तर झालं होतं! कारखान्यात ज्याने काम केलं त्याने ते पास करायचं नाही, असा दंडक होता. इथे दुसरं कोण होतं? श्यामसुंदररावांनी आपलं काम आपणच पास केलं.

मग ते गाडीवर बसले, पहिल्या गिअरसाठी पेडल खाली दाबलं, क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि मान टाकली. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला त्यांनी वैतागून पेडल वर उचललं, तर गाडी लोण्यासारखी निघाली. पहिला वर, बाकीचे सगळे खाली. दातेरी तुकडा त्यांनी शंभरदा मोजला होता, पण त्याचं तोंड वरच्या बाजूला हवं ते खालच्या बाजूला करून बसवला होता. आणि बोल्टचं डोकं गोल झाल्यामुळे आता तो निघत नव्हता. असा बोल्ट सहज काढणारा माणूस खडकीत एकच होता.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? श्यामसुंदररावांनी ते केलं नाही. त्यांनी गाडी तशीच ठेवून स्वतःचा पाय बदलायचं ठरवलं.

आठ दिवस ते पहाटे मैदानात जाऊन घोकत होते, "वर म्हणजे पहिला, खाली म्हणजे पुढचा." फिरायला आलेले लोक त्यांना रस्ता देऊ लागले, कारण त्यांना तो कसला तरी जप वाटला. नवव्या दिवशी ते थेट वारज्यापर्यंत जाऊन आले. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"जमलं बघ! माझं काही अडत नाही कुणावाचून," ते म्हणाले.

"एका बोल्टासाठी आठ पहाटा," हेमाताई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

पुढच्या रविवारी त्यांची मुलगी ऋचा आणि जावई केदार वाघोलीहून जेवायला आले. श्यामसुंदरराव अंघोळीला गेले होते. ताटं मांडताना श्रीखंड आणायचं राहिल्याचं लक्षात आलं, आणि केदार "आलोच पाच मिनिटांत" म्हणत सासऱ्यांची किल्ली उचलून गेला.

तो अर्ध्या तासाने परत आला. पायी. हातात श्रीखंडाचा डबा आणि पँटला गुडघ्यापर्यंत काळं ऑइल.

"बाबा, तुमच्या गाडीचे गिअर उलटे आहेत, माहितेय तुम्हाला?"

श्यामसुंदररावांच्या हातातला पंचा तिथेच थांबला. "तुला लागलं का?"

"नाही हो. आचके देत कशीबशी निघाली, वाटलं जुनी झालीय; मग गतिरोधकाला गिअर कमी करायला गेलो तर वाढला. पुढे वाढवायला गेलो तर एकदम कमी झाला, मागचं चाक घसरलं, आणि मी सरळ एका गॅरेजमधल्या ऑइलच्या ट्रेमध्ये. पण माणूस फार चांगला आहे. म्हणाला, गाडी राहू द्या, मालकांना पाठवा. पोपटकाका म्हणून आहेत."

ऋचाने आईकडे पाहिलं. आईने श्रीखंडाकडे पाहिलं.

श्यामसुंदरराव खुर्चीत बसले. जावयाचं हाड मोडलं असतं तर? आपण पोराच्या हाती अशी गाडी पडू दिली, आणि कशासाठी, तर दोन गल्ल्या चालून जायला नको म्हणून! त्यांना स्वतःची लाज वाटली. ते न जेवताच उठले आणि सहा वर्षांनी त्या गल्लीत शिरले.

पोपट गाडीशेजारी पत्र्याच्या डब्यावर बसला होता. केस पांढरे झाले होते.

"या साहेब. गाडी बघताक्षणी वळखलं म्या, काम कुणाचं हाय ते."

"कसं?"

"एवढं मापात बसवणारा दुसरा कोण? आन् एवढं उलटं बसवणाराबी दुसरा कोण नाय."

श्यामसुंदररावांना हसावं की रडावं कळेना. "तशी चालत होती रे," ते म्हणाले, आणि बोलता बोलताच थबकले. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर नापास माल घेऊन आलेल्यांच्या तोंडून ऐकलं होतं. "पोपट, त्या दिवशी तुझ्या पिना..."

"जाड होत्या."

"काय?"

"जाड होत्या, साहेब. डोळ्यांत पाणी आलं व्हतं, माप कुठलं दिसतंय. तुमी लाल केल्या, बराबर केलं. त्याचा राग न्हाय." पोपटने गोल बोल्टवर छिन्नी टेकवून दोन हातोडे घातले. बोल्ट सुटला. "त्या संध्याकाळी माझा निरोपाचा कार्यक्रम व्हता. धा लोक आले, भाषणं झाली. तुमी आला न्हाय. शेजारची खुर्ची मी शेवटपर्यंत कुणाला दिली नाय."

"मला वाटलं, तुला माझं तोंड बघायचं नसेल."

"ते तुमी कुठल्या पट्टीनं मोजलं?"

 सहा वर्षं श्यामसुंदररावांनी नियमाची ढाल पुढे धरली होती, आणि नियमाचा इथे काडीचा संबंध नव्हता. पोपटने दातेरी तुकडा सुलटा बसवला, नवा बोल्ट घातला, बेताने आवळला. पाच मिनिटांचं काम.

"जावा चालवून बघा."

श्यामसुंदरराव बसले. सवयीने पाय वर गेला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा वर, पुन्हा आचका. आठ पहाटा खर्चून शिकवलेला पाय काही केल्या ऐकेना. गॅरेजमध्ये आलेली चार गिऱ्हाइकं गप्प उभी राहून बघत होती.

पोपटने फडक्याला हात पुसले, मागच्या सीटवर टांग टाकली आणि खांद्यावरून वाकून पुढे पाहिलं.

"चला, मैदानावर जाऊ. खाली दाबा, साहेब."

"साहेब म्हणू नको रे आता. रिटायर झालो मी पण."

"बरं," पोपट म्हणाला. "आधी क्लच धर, येड्या."

चौतीस वर्षांच्या नोकरीत श्यामसुंदररावांना असं कुणी झापलं नव्हतं. त्यांनी निमूट क्लच धरला.