आठव्या डावातला धपाटा

मोबाईल टीव्हीशेजारी ठेवला असता तर आज मी मोक्पो शहरात मान वर करून फिरलो असतो. पण त्या दिवशी बाहेरच्या खोलीत जिकडेतिकडे कोबी होता, म्हणून मी तो स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला. माझा गुन्हा एवढाच.

मुळात मोबाईल ठेवायचाच कशाला, ते सांगतो. मी प्यो दल-सू. जिल्हा कचेरीत दाखले देतो आणि बावीस वर्षं मोक्पो टर्टल्स या बेसबॉल टीमवर जीव लावून बसलो आहे. दहा टीममधल्या पहिल्या पाच पुढच्या फेरीत जातात. (इतका उदार नियम बहुधा आमच्याकडे बघूनच केला असावा.) तरी बावीस वर्षांत आम्ही एकदाही पाचांत नाही. मग माणसाने करायचं काय? मी व्हिडिओ करतो. ‘तरीही टर्टल्स’ नावाचं माझं चॅनल आहे. आमचे दोन खेळाडू ‘तू घे, तू घे’ करत उभे आहेत आणि चेंडू दोघांच्या मधोमध शांतपणे येऊन पडतो आहे, असे प्रसंग निवडून मी त्यांना बासरीचं संगीत लावतो. मग तो व्हिडिओ नातेवाईक, शेजारी आणि दाखला न्यायला आलेले लोक अशा सगळ्यांना पाठवतो.

“अहो, टीम हरते ते हरते,” आमची ओक-जू म्हणते, “पण तेच तेच परत परत का दाखवता लोकांना?”

तिला बेसबॉलमधलं काही कळत नाही.

यंदा मात्र आक्रीत घडलं. सहा सामने राहिले असताना आम्ही सहाव्या नंबरवर होतो. सहातले पाच जिंकले की पाचवा नंबर. मी ठरवलं, या सामन्यांत टीमला दाखवायचं नाही, सामना बघताना माझा चेहरा कसा होतो ते दाखवायचं. चॅनलचे एक्केचाळीस चाहते होते (त्यातले दोन मीच), त्यांना काहीतरी नवीन.

नेमक्या त्याच दिवशी सासूबाई आल्या. त्या जिंदो बेटावर कांद्याच्या पातीची शेती करतात आणि घरात कुठे मोकळी जागा दिसली की तिथे लोणच्यासाठी कोबी खारवायला टाकतात. चाळीस गड्डे आणले होते. बाहेरच्या खोलीत चार लाल टब, बाथरूममध्ये दोन. म्हणून टीव्ही स्वयंपाकघरात गेला, मोबाईल अख्खं स्वयंपाकघर दिसेल असा फ्रिजवर, आणि मी स्टुलावर. शेजारी जमिनीवर सासूबाई आणि ओक-जू कोपरापर्यंतचे गुलाबी रबरी हातमोजे घालून कोबीच्या पानापानाला मसाला चोळून टबात भरत होत्या.

आमच्याकडे जावयाला शंभर वर्षांचा पाहुणा म्हणतात. सासूबाईंनी एकोणीस वर्षं ते अक्षरशः पाळलं होतं. मी गेलो की कोंबडी शिजायची, तंगडी माझ्या वाटीत यायची. आवाज चढवून एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आठवा डाव. आम्ही दोन धावांनी मागे, आमचे दोन गडी पुढे जाऊन थांबलेले आणि फलंदाजीला बांग हान-सोक. त्याने असा टोला हाणला की चेंडू गॅलरीकडेच निघाला. मी “गेला, गेला” करत स्टुलावरून उडी मारली. चेंडू रेषेच्या बाहेर वळला, टोला फुकट. मी सांडलेल्या खाऱ्या पाण्यावरून घसरलो आणि भरलेल्या कोबीच्या टबात बसलो. चांगला कमरेपर्यंत.

आणि माझ्या पाठीत धपाटा बसला. साधासुधा नाही. ओल्या रबरी हातमोज्याचा, चाळीस वर्षं कांद्याची पात उपटलेल्या हाताचा.

सासूबाई आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. तेवढ्यात टीव्हीवर पुढचा चेंडू पडला आणि बांगने तो सरळ स्टेडियमबाहेर घालवला. होमरन! आम्ही एका धावेने पुढे.

“माफ करा, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “हात गेला माझा.”

मी टबात बसूनच म्हटलं, “त्याचं काही नाही. स्कोअर बघा.”

सामना जिंकला, तो व्हिडिओ मी टाकला आणि झोपलो. सकाळी दोन लाख लोकांनी बघितला होता. खाली सगळ्यांचं एकच म्हणणं: ‘दादा, आज परत बसा.’

आता तुम्ही म्हणाल, शिकलासवरलेला माणूस असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतो? साहेब, बावीस वर्षं मी या टीमसाठी ओरडलो, रडलो, नवस बोललो; तिला कशाचाच उपयोग झाला नाही. आता पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं की माझ्यामुळे ती जिंकली. मला ते फार हवं होतं. मी संध्याकाळी बसलो. सासूबाई गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहात गेल्या आहेत ही संधी साधून बसलो, कोबी खराब होऊ नये म्हणून खाली उशीही घेतली. आम्ही सात धावांनी हरलो.

लोकांनी उशीला शिव्या घातल्या. मग एका शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या मास्तरांनी पहिला व्हिडिओ हळू करून, घड्याळ लावून, बाण काढून समजावला. निष्कर्ष असा: ‘बसण्याचा आणि होमरनचा संबंध नाही. धपाट्यानंतर सातव्या सेकंदाला टोला. कार्य सासूबाईंचं आहे. जावई हे केवळ साधन.’

साधन तर साधन. पाठ तरी माझीच होती ना? आणि उरलेले चारही सामने आता जिंकणं भाग होतं. मी बसल्यामुळे दोन टब कोबी वाया गेला होता, म्हणून सासूबाई नवीन कोबी आणून मुक्काम वाढवून बसल्या होत्या. मी अदबीने विचारलं, “सासूबाई, रोज संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला एक धपाटा द्याल का?”

“काय बोलताय जावईबापू? त्या दिवसापासून मला घास जात नाही. लेकीच्या नवऱ्यावर हात टाकला मी. आता उगीचच्या उगीच मारू? मी काय गुंड आहे?”

म्हणजे धपाटा मागून मिळणार नव्हता, कमवावा लागणार होता.

तिसऱ्या सामन्यात आठव्या डावाला आम्ही मागे होतो. मी जेवता जेवता भाताच्या वाटीत चमचा उभा रोवला. (तसा फक्त पितरांच्या पानाला रोवतात.) सासूबाई “जित्या माणसांच्या घरात!” म्हणाल्या आणि धपाटा आला. बांगचा होमरन. चौथ्या सामन्यात काही सुचेना तेव्हा ओक-जू धावत आली. दीड लाख लोक तिला ‘वहिनी’ म्हणायला लागल्यापासून तिलाही बेसबॉल कळायला लागलं होतं.

“अहो, आठवा डाव लागला. काहीतरी मूर्खपणा करा.”

“कुठला करू?”

“एरवी मला विचारून करता का?”

मी बूट घातले आणि बाहेरच्या खोलीतून कोबीच्या टबांमधून फेरी मारली. पाठीवरचा तो वळ अजून आहे. आम्ही तीन धावांनी जिंकलो.

पाचव्या सामन्याला घोळ झाला. आठव्या डावात दोन धावांनी मागे असताना मी सगळं करून बसलो होतो. बूट घालून आत आलो, नुकती पुसलेली ताटं परत ओली केली, सासूबाईंच्या उशीवर पाय ठेवून बसलो. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या, आणि मी डोळे मिटून पाठ पुढे केली. तर पाठीवरून अलगद हात फिरला.

“ओक-जू, याचं ऑफिसात काहीतरी बिनसलंय बघ,” त्या हळूच म्हणाल्या. “बोलत नाही बिचारा, असं करून दाखवतो. ओरडू नकोस त्याला. मी पेअर सोलून देते.”

टीव्हीवर बांग फलंदाजीला येत होता. माझ्या हातात पेअरची फोड होती. बावीस वर्षांची तपश्चर्या त्या फोडीवर वाया जाणार होती. मी कबूल करून टाकलं.

“सासूबाई, ती मासळीच्या रसाची बरणी. तीन वर्षं मुरवलेली. ती मांजराने नाही पाडली. वास आला म्हणून मी मोरीत ओतली.”

सासूबाईंनी पेअरची सुरी खाली ठेवली.

“आणि त्यापायी तुम्ही आपलं मांजर दुसऱ्याला देऊन टाकायला लावलंत,” ओक-जू म्हणाली.

दोन धपाटे बसले. एक रसाचा, एक मांजराच्या वतीने. त्या डावात लागोपाठ दोन होमरन गेले, आणि आम्ही पाचव्या नंबरपासून एका सामन्यावर आलो.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला. शेवटच्या सामन्याला मैदानालगतच्या पहिल्या रांगेत सासूबाईंना मानाची खुर्ची होती.

“आणि माझी?” मी विचारलं.

“आपण कोण?”

“पाठ.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “बघते हं. वर काहीतरी निघेल.”

तेव्हा कुठे सासूबाईंना सगळं समजलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, “एवढ्या लोकांचं काम अडलंय तर जायला हवं,” आणि हातमोजे धुऊन वाळत घातले.

माझी जागा तिसऱ्या मजल्यावर, खांबाच्या मागे निघाली. खाली वीस हजार लोक गुलाबी हातमोजे घालून बसले होते. सासूबाई मोठ्या पडद्यावर दिसल्या की सगळे हात वर करायचे. त्यांच्या शेजारी क्लबचे अध्यक्ष तळलेली कोंबडी खात बसले होते.

आठवा डाव लागला. आम्ही एका धावेने मागे. एक गडी पुढे थांबलेला, आणि बांग बॅट घेऊन निघालेला. मी जिन्याकडे पळालो. दोन मजले उतरलो आणि तिथे सुरक्षारक्षकाने हात आडवा घातला.

“सोडा मला, मी पाठ आहे.”

“काका, मघापासून चार पाठी येऊन गेल्या.”

“मी खरी आहे. वळ दाखवू?”

“त्यांनीही दाखवले.”

मी तिथल्या तिथे शर्ट वर करत होतो, तेवढ्यात त्याची नजर पडद्याकडे गेली आणि माझीही. सासूबाई मान उंचावून मला शोधत होत्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग त्यांचं लक्ष शेजारी गेलं. अध्यक्ष पाय हलवत होते. बसल्या जागी पाय हलवला की घरातली बरकत झडते, हे सासूबाईंनी जिंदोतल्या निम्म्या पोरांच्या पाठीवर लिहून ठेवलेलं आहे. त्यांनी हात उचलला.

सात सेकंदांनी चेंडू गॅलरीत पडला. टर्टल्स पाचवे आले. बावीस वर्षांनी. मी त्या रक्षकाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडलो, आणि तो मला थोपटत होता. (पाठीवर. आता कशाला.)

परतीच्या बसमध्ये मी तिकिटाच्या घड्या करत बसलो होतो. सासूबाईंनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि माझ्या हातात ठेवलं.

“जिंकलात ना? मग तोंड का पाडलंय?”

“आयुष्यात पहिल्यांदा टीमच्या उपयोगी पडत होतो, सासूबाई. शेवटच्या दिवशी तुम्ही जरा थांबला असतात तर.”

“तसं मनाला लावून घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “खरं सांगू का, तुम्हाला मारताना माझा जीव खालीवर व्हायचा. किती झालं तरी लेकीचा नवरा. हात आखडता घ्यावा लागायचा. ते अध्यक्ष कोण कुठले, त्यांना कसं मोकळेपणानं मारता आलं.” त्यांनी संत्र्याची सालं पिशवीत टाकली. “आणि पाठ भरदार आहे त्यांची. आवाज ऐकलात का तुम्ही?”

ऐकला होता. पडदा बघत होतो त्या जिन्यापर्यंत स्पष्ट आला होता.