उलटा बोर्ड

"बोर्ड? अगं, डोळे मिटून काढतो!" असं रेडिओवाल्यांनी लेकीला छातीठोकपणे सांगितलं आणि घोळाला तिथूनच सुरुवात झाली.

चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केल्यामुळे गल्लीत त्यांना हेच नाव पडलं होतं. लेकीचं वाद्य म्हणजे हार्मोनियम नव्हे, विजेवर चालणारी एक पेटी. तिच्यात छोटे छोटे भाग बसवायचे, वायरींनी एकमेकांना जोडायचे आणि आवाज घडवायचा. त्यातला आवाज घोगरा-गोड करणारा भाग जळला होता आणि महिन्यावर तिचा पहिला कार्यक्रम आला होता. कित्येक वर्षांत लेकीने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. रेडिओवाले हरखून गेले.

नव्या भागाच्या सर्किट बोर्डाचा आराखडा त्यांनी कॉम्प्युटरवर काढला. पण हात जुना! पूर्वी बोर्ड हाताने काढताना तांब्याची बाजू खाली असायची, म्हणून सगळं आरशातल्यासारखं उलटं काढावं लागे. हल्ली कॉम्प्युटर ते स्वतःच सांभाळतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अहो, अक्षरं उलटी दिसतायत," बायको म्हणाली.

"तशीच असतात! तुला काय कळतंय त्यातलं?"

बोर्ड आणि त्यावरची बटणांच्या नावांची पट्टी, दोन्हींचे आराखडे उलटवून त्यांनी कारखान्याकडे धाडले.

कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना पार्सल आलं. पाच बोर्ड, पाचही उलटे! रेडिओवाल्यांना घाम फुटला. चिपा मागच्या बाजूने बसवून त्यांनी कशीबशी वेळ मारून नेली, पण उजवीकडे हवं असलेलं मोठं बटण डावीकडेच राहिलं. नावांवर त्यांनी गुपचूप काळी चिकटपट्टी लावली.

लेकीने भाग पेटीत बसवला आणि तिचा डावा हात अलगद त्या बटणावर गेला. आवाज घोगरा झाला, मग गोड. पहिलीत असताना याच हातातली पेन्सिल रेडिओवाले हिसकावून उजव्या हातात कोंबत. ती मुसमुसत लिहायची.

"बाबा, डाव्या हाताचं! असा भाग कुठेच मिळत नाही हो. तुमच्या लक्षात होतं?"

खरं सांगायची वेळ हीच होती. पण तिचा चेहरा असा उजळला होता की त्यांची जीभ घसरली. "म्हणजे काय! मुद्दामच केलं." मग ते म्हणाले, "तेव्हा पेन्सिलीचं चुकलंच माझं."

चाळा म्हणून लेक चिकटपट्टीचं टोक खरवडत राहिली आणि पट्टी अख्खी निघून आली. खालची अक्षरं तिने मान वाकडी करकरून पाहिली.

"आणि हे? डावखुऱ्यांना वाचायलाही उलटं लागतं वाटतं?"

रेडिओवाले पेटीच्या बिजागरीकडे बघत बसले. लेकीने पट्टी नीट दाबून परत चिकटवली.

"पेन्सिलीचं तेवढं खरं होतं ना, बाबा?"

त्यांनी मान हलवली.

"आरसा आणू का गं?" दारातून बायको म्हणाली. "नाही, मला काय कळतंय त्यातलं!"