मागून कुणीतरी ढकलतंय

विराबिला गावात समोरून गाडी आली की माणूस बोट उचलतो. हात स्टिअरिंगवरच ठेवायचा, फक्त तर्जनी इंचभर वर करायची. कसा आहेस, पाऊस झाला का, आईचा गुडघा काय म्हणतो, सगळं त्यात येतं. पूर्ण तळहात दाखवला तर मात्र अर्थ वेगळा: थांब, बाजूला हो, अडचण आहे. हा नियम कुठंही लिहिलेला नाही, म्हणूनच तो इतकी वर्षं पाळला गेला. तो मोडला एका डबीनं.

काडेपेटीएवढी काळी डबी. टपालानं यायची. स्टिअरिंगखालच्या, गाडीच्या संगणकाच्या खाचेत खोचली की हिरवा दिवा लागायचा, आणि सोबतच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे डिझेल गाडीची ताकद तीस टक्क्यांनी वाढायची. डिझेलही कमी लागायचं. पहिली डबी आणली मेंढ्यावाल्या लेस बटरफिल्डनं. पबमध्ये बसून तो गंभीरपणे म्हणाला, "मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं." पंधरा दिवसांत गावातल्या प्रत्येक यूटमध्ये, म्हणजे मागं उघडा हौदा असलेल्या आमच्या गाड्यांत, हिरवा दिवा लागला आणि प्रत्येकाला मागून कुणीतरी ढकलू लागलं.

आता गाडीत एवढी ताकद आल्यावर स्टिअरिंग एका हातानं कसं धरणार? लोक दोन्ही मुठी आवळून, दात दाबून, नजर रस्त्यावर रोखून गाडी चालवू लागले. लेस आधी ऐंशीनं जायचा, आताही ऐंशीनंच जायचा, पण आता त्याला घाम यायचा. बोट उचलणं बंद झालं. चार दिवस मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय.

मी डेस्मंड, गावातला एकमेव मेकॅनिक. मी एक डबी विकत घेतली आणि स्क्रूड्रायव्हर घालून उघडली. आत एक हिरवा दिवा, दिवा पेटण्यापुरती दोन तारांची जोडणी, आणि बाकी हवा. ती उघडी डबी मी पबच्या टेबलावर ठेवली. लेसनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू उघडलीस कशाला?" बाकीच्यांचं मत पडलं की मी उघडल्यामुळेच आतली ताकद उडून गेली. आणि गाड्या आपल्या आपण सुधारल्या तर मेकॅनिकचं पोट कसं भरणार, असंही कुणीतरी म्हणालं. संतापून मी घरी आलो. डबी बंद केली. फेकवेना, म्हणून माझ्याच गाडीत खोचली. खोटं कशाला बोलू, चढावर गाडी जरा हलकी वाटली.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण गावात एक आगीचा बंब आहे.

बंब माझ्याहून थोडाच लहान. तो चालवतात ग्लेनिस हॅड्रिल. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या शाळेत शिकवलं, त्यामुळे अख्खं गाव त्यांना बाई म्हणतं. बाई आमच्या स्वयंसेवक अग्निशमन पथकाच्या प्रमुख. वरून नियम आला की बंबानं शेडपासून टेकडीवरच्या सभागृहापर्यंत बारा मिनिटांत पोचलं पाहिजे. नाही पोचला तर पथक बंद, आणि आग लागली की बंब टार्नफील्डहून येणार. टार्नफील्ड सत्तर किलोमीटर. आमच्या बंबाला एकोणीस मिनिटं लागायची. त्याचा इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप जवळजवळ गेला होता. नवा पंप द्या म्हणून मी इथला कारभार बघणाऱ्या परिषदेला दोनदा लिहिलं.

परिषदेचा मालमत्ता व्यवस्थापक ट्रेव्हर पॅस्को स्वतः आला आणि त्यानं बाईंच्या हातात डबी ठेवली.

अडचण एकच होती, बंबात खाचच नव्हती. तो संगणकाच्या आधीच्या काळातला. ट्रेव्हरनं थोडा विचार केला आणि डबी सिगारेट पेटवायच्या सॉकेटला तार लावून जोडली. हिरवा दिवा लागला. ट्रेव्हरनं टाळ्या वाजवल्या, आणि साथ द्यायला दुसरं कुणीच नसल्यामुळे मीही वाजवल्या. मग त्यानं एक फॉर्म काढला. त्यावर प्रश्न एकच: चालकास सुधारणा जाणवली का? होय किंवा नाही. 'नाही'खाली बारीक अक्षरात छापलं होतं की तसं असल्यास पथकाची उपयुक्तता फेरतपासणीस पात्र ठरेल.

बाईंनी चष्मा वर केला. "ट्रेव्हर, हा प्रश्न नाही. ही धमकी आहे."

"बाई, परिषद प्रश्नच विचारते," ट्रेव्हर म्हणाला.

चाचणीचा दिवस ठरला. परिषदेनं सोहळाच मांडला. अख्खं गाव टेकडीवर, सभागृहाच्या लाकडी ओसरीवर सॉसेज भाजायची शेगडी, स्वागताचा फलक. खाली शेडमध्ये बाई आणि मी. दहाला निघालो. पाच मिनिटांनी आम्ही टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा वर धूर दिसला. मी म्हटलं, सॉसेजचा असेल. बाईंनी पाय पार तळाशी दाबला. बंबाच्या वेगात फरक पडला नाही.

सॉसेजची चरबी पेटली होती आणि चरबीनं ओसरी पेटवली होती. वर ट्रेव्हरनं तत्काळ निर्णय घेतला. बंब लवकर यावा म्हणून तो यूट घेऊन बंब आणायला खाली निघाला.

टेकडीचा रस्ता एका गाडीचा. वळणावर बाईंनी त्याला बघितलं आणि तळहात काचेला लावला. ही खूण इथलं शेंबडं पोरही ओळखतं. पण ट्रेव्हरच्या दोन्ही मुठी आवळलेल्या, नजर रस्त्यावर खिळलेली. मागून त्याला कुणीतरी ढकलत होतं. तो सरळ आमच्या नाकासमोर येऊन थांबला. बाईंना ब्रेक दाबावा लागला. त्या चढावर थांबलेला आमचा बंब परत हलत नाही, हे मला ठाऊक होतं.

ट्रेव्हरनं यूट कडेच्या चरात घातली. वरून लोक धावत आले. मी बाईंशेजारी, दार उघडून, पहिल्या गिअरमध्ये काय जमतंय ते बघत होतो. लेस आणि तीसेक माणसं मागून ढकलू लागली. बंब जागचा हलेना.

"वजन फार आहे," मागून ट्रेव्हर ओरडला. "कमी करतो!"

मला वाटलं, शिडी काढत असेल. तेवढ्यात खळखळ आवाज आला. बंब हळूच हलला, मग चालू लागला, मग चक्क पळू लागला. मागून आरोळी उठली, "लागू पडली! डबी लागू पडली!" मीसुद्धा ओरडलो, देवाशप्पथ. फक्त बाईंनी आरशात बघितलं. त्यांना उतारावरून वाहत जाणारं पाणी दिसलं.

आम्ही सभागृहापाशी पोचलो तेव्हा टाकी कोरडी होती. बाईंनी नळी उघडली, तिच्यातून हवा आली. सगळे हात बांधून उभे राहिले आणि सभागृह शांतपणे जळून गेलं. बाईंचं लग्न त्याच सभागृहात झालं होतं. चहाचा मोठा पिंप तेवढा वाचला.

चौकशी झाली. अडथळ्याचा वेळ वजा केला, ढकलण्याचा वेळ वजा केला, राहिली अकरा मिनिटं. बंब मुदतीत पोचला होता, आगच नियोजित वेळेच्या आधी लागली. पाण्याबद्दल फॉर्मवर प्रश्नच नव्हता.

ट्रेव्हरनं फॉर्म बाईंसमोर ठेवला. 'नाही' लिहिलं तर टार्नफील्ड. 'होय' लिहिलं तर नवा पंप जन्मात यायचा नाही. मी हळूच म्हटलं, "बाई, खरं लिहा."

"खरंच लिहितेय रे," बाई म्हणाल्या. "मागून ढकलल्याचं जाणवलं." आणि त्यांनी 'होय'वर खूण केली.

पथक वाचलं. परिषदेनं आता पत्रक काढलंय: डबीची पूर्ण कार्यक्षमता मिळावी म्हणून बंब चढावर जाताना मागे तीस नागरिकांनी हजर राहावं, आणि निघण्यापूर्वी टाकी रिकामी असल्याची खात्री करावी. यादी पबच्या दारावर लावली आहे. माझा वार मंगळवार. गेल्या मंगळवारी सराव होता, लेस माझ्या शेजारी ढकलत होता. धापा टाकत म्हणाला, "काय ताकद आहे रे त्या डबीत!" मी मान डोलावली.

तुम्ही हसताय, हसा. तुमच्याकडेही कसला ना कसला हिरवा दिवा लागलाच असेल, आणि त्याच्यासोबत फॉर्मही आलाच असेल. सुधारणा जाणवली का, म्हणून. 'होय'वर खूण करायला हरकत नाही, आम्हीही केली. फक्त त्याआधी एकदा स्वतःचे तळहात उलटून बघा, घट्टे पडलेत का ते.