बाबांची गाडी आणि आठ कॉईल

बाबा काल संध्याकाळी गेले आणि बाबांची गाडी आज सकाळी गेली. बाबांचं समजण्यासारखं होतं. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, दोन महिने अंथरुणाला खिळलेला. पण गाडीनं निदान आजचा दिवस तरी कळ काढायला हवी होती. थोरल्यानं किल्ली फिरवली तेव्हा ती सुरू झाली खरी, पण उचकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखी. आरसा थरथरत होता, दारं खडखडत होती, आणि समोरच्या काट्यांमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा डोळे वटारून बसला होता.

"एक सिलिंडर मेलाय, दादा," धाकटी म्हणाली. ती इस्पितळात नर्स. बॉनेटवर तळहात ठेवून उभी होती, जणू पेशंटच तपासतेय. "चारातले तीनच ठोके पडतायत."

"गाडी पण?" आतल्या खिडकीतून आईचा आवाज आला. आई बाबांच्या उशाशी बसली होती आणि तिथून तिला अंगण अख्खं दिसत होतं. "ह्यांच्या मागोमाग जायची एवढी घाई कुणाला झाली असेल असं वाटलं नव्हतं मला."

आता तुम्ही म्हणाल, दुसरी गाडी बोलवावी. जमलेले सगळेही तेच म्हणाले. पण गेल्याच आठवड्यात बाबांनी थोरल्याचं मनगट धरून सांगितलं होतं, "मला माझ्याच गाडीतून न्यायचं. भाड्याच्या गाडीत मी मेलो तरी बसायचो नाही." थोरला हो म्हणाला. मग बाबांनी मनगट आणखी आवळलं. "आणि त्या गॅरेजवाल्याचा हात तिला लागता कामा नये." थोरला त्यालाही हो म्हणाला. मरणाऱ्या माणसाला नाही म्हणण्याची पद्धत कुठेच नाही.

हा गॅरेजवाला म्हणजे एके काळचा बाबांचा जिवलग मित्र. बावीस वर्षांपूर्वी त्यानं गाडीचं इंजिन खोललं, जोडलं, आणि शेवटी एक बोल्ट उरला. बाबा म्हणाले, हा माझ्या गाडीचा. तो म्हणाला, तुझ्या गाडीचा नाहीच. त्या एका बोल्टवरून मैत्री तुटली ती तुटलीच. त्यानंतर बाबांनी गाडीचं तेल बदलण्यापासून ब्रेक बदलण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं केलं. थोरल्यानं मदतीला हात पुढे केला की म्हणायचे, "राहू दे. तुझ्या हाताला शिक्काच शोभतो."

थोरला सरकारी दप्तरखान्यात कारकून होता. सत्तावीस वर्षं त्यानं फायलींवर शिक्के मारले होते आणि हे एक वाक्य बावीस वर्षं गिळलं होतं. आज बाबा आत निजले होते, कायमचे, आणि पहिल्यांदाच काही बोलणार नव्हते. थोरल्यानं बाह्या सरसावल्या.

"कॉईल बदलू," तो म्हणाला. "मी करतो."

विद्युतदाहिनीची वेळ साडेअकराची मिळाली होती. उद्यापासून दोन दिवस दाहिनी दुरुस्तीसाठी बंद. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

कॉईल म्हणजे काही राक्षस नव्हे. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर वीतभर लांबीची एक काळी नळी बसवलेली असते. ती ठिणगी पाडते, ठिणगीनं पेट्रोल पेटतं, गाडी पळते. एक वायरीचा खटका काढायचा, एक बोल्ट सोडवायचा, नळी जरा पिळून वर ओढायची. चार सिलिंडर, चार कॉईल. बाबा हे काम दात घासता घासता करायचे. आणि बाबांच्या कपाटात नवीन कॉईलचे चार डबे होते. कंपनीचे, छापील, नंबरासकट. थोरल्यानं एकेक डबा वाचून पाहिला. नंबर जुळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी सोय करून ठेवली होती.

आता ह्या घरात बिस्किटांच्या डब्यात खिळे असायचे, चहाच्या डब्यात बटणं, आणि बुटांच्या खोक्यात विजेची बिलं. जन्मापासून थोरला त्या घरात वाढला. पण माणूस दप्तरखान्यात सत्तावीस वर्षं बसला की वर लिहिलंय तेच आत आहे, ह्यावर त्याची श्रद्धा बसते.

बॅटरीची तार सोडवली. पहिला खटका निघताना मोडला. दुसरा मोडला नाही, पण थोरल्याचं नख मोडलं. तिसरी कॉईल इतकी चिकटून बसली होती की दोघांनी ओढली तेव्हा ती सुटली आणि थोरला मागे सांत्वनाला आलेल्या एका मावशीच्या मांडीवर जाऊन बसला.

"रड हो, मन मोकळं कर," मावशी म्हणाली.

अर्ध्या तासात चारही जुन्या बाहेर आणि चारही नव्या आत. जुन्या कॉईल थोरल्यानं सवयीनं रिकाम्या डब्यांत नीट घालून ठेवल्या. मग ऐटीत गाडीत बसला, खिडकीकडे एकदा पाहिलं आणि किल्ली फिरवली.

गाडी घरघर, घरघर करत राहिली. सुरू होईना. मघाशी तीन पायांवर तरी उभी होती. आता चारी पाय वर.

"आई," धाकटी जरा विचार करून म्हणाली, "बाबा जुन्या कॉईल काढल्या की काय करायचे गं?"

"काय करणार? नवीनच्या रिकाम्या डब्यात घालून ठेवायचे," आई म्हणाली. "टाकायचं म्हटलं की अंगावर यायचे. मेलेल्या कॉईलमध्येही थोडी धुगधुगी असते म्हणायचे."

थोरला गाडीतून उतरला. बाबांनी दहा-बारा वर्षांत बदललेल्या चार मेलेल्या कॉईल त्यानं स्वतःच्या हातानं, वाचून, पडताळून, गाडीत बसवल्या होत्या.

"हरकत नाही," तो म्हणाला. "परत जुन्याच घालू. तीन सिलिंडरांवर हळूहळू जाऊ."

म्हणून त्यानं आठही कॉईल बाहेर काढून पाटावर ओळीनं मांडल्या आणि तोंडावर पाणी मारायला आत गेला. एवढ्यात धाकटीनं, इस्पितळातला हात तो, स्पिरिट आणि कापूस घेऊन आठही कॉईल स्वच्छ, लख्ख पुसून ठेवल्या. जुन्या मळक्या होत्या, डब्यातल्या धुळकट होत्या. आता आठही सारख्याच काळ्याभोर.

थोरला बाहेर आला आणि पाटाकडे बघत राहिला.

"ह्यातल्या मघाच्या कुठल्या?"

"म्हणजे?"

"गाडीतून काढलेल्या कुठल्या?"

धाकटीनं कापसाचा बोळा हळूच पाठीमागे लपवला. "निर्जंतुक केल्या मी," ती म्हणाली.

"बोलताय काय तुम्ही?" आई खिडकीतून. "दहा वाजले. ह्यांचा बर्फ वितळत चाललाय इथे."

ह्याच वेळी फाटकाशी एक गाडी येऊन थांबली, बाबांच्या गाडीची जुळी बहीण, त्याच कंपनीची, त्याच वर्षातली. तिच्यातून गॅरेजवाला उतरला. पांढरा सदरा, पण नखांत ग्रीस तसंच. त्यानं फाटकाबाहेरूनच हात जोडले. उघडं बॉनेट, पाटावरच्या आठ कॉईल आणि थोरल्याचा चेहरा, एवढ्यावरून त्याला सगळी कथा कळली.

"काका, तुम्ही हात लावायचा नाही," धाकटी आडवी झाली. "बाबांना शब्द दिलाय."

"मी कुठे लावतोय? बघतोय फक्त."

धाकटीनं भावाकडे पाहिलं. "बघण्याबद्दल बाबा काही बोलले होते?"

"बघू दे त्याला," आई म्हणाली. "डोळ्यांना काही ग्रीस लागत नाही."

गॅरेजवाला फाटकाबाहेर उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे बांधून. "चार घाल आणि मार किल्ली," तो म्हणाला. थोरल्यानं घातल्या. गाडी धड सुरू नाही, धड बंद नाही, अशी खोकली. गॅरेजवाल्यानं डोळे मिटले होते. "एकच जिवंत आहे. पुढून दुसरी. ती ठेव, बाकीच्या बदल." थोरल्यानं बदलल्या. गाडी कशीबशी पेटली. "आता दोन. शेवटची चांगली आहे. तिसरी मेलेली. पहिली... पहिलीला काय झालंय रे? ठिणगी बाहेर उडतेय तिची. रबर फाटलंय."

पहिलीचं रबर मघाशी, मावशीच्या मांडीवर बसताना फाटलं होतं. म्हणजे तीन चांगल्यांतली एक अशी गेली. पाटावर न तपासलेली एकच उरली होती, तीही घालून पाहिली. तीही मढं. पावणेअकरा.

"दोन सिलिंडरांवर स्मशानाचा चढ चढेल का, काका?"

"चढेल ना," गॅरेजवाला म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी ढकललंत तर. तो मात्र आत आरामात."

थोरला पायरीवर बसला. हाताला काळं, नखाला रक्त. बाबांचं एकच काम त्यानं आयुष्यात अंगावर घेतलं होतं, आणि तेही जमेना. आत बाबा गप्प होते. पण ते काय म्हणाले असते हे थोरल्याला स्पष्ट ऐकू येत होतं, आणि मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही हे त्याहून वाईट होतं.

गॅरेजवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं. दोन मिनिटांत दोन कॉईल काढल्या आणि फाटकाच्या खांबावर ठेवल्या.

"घे. तूच बसव."

"पण काका, ह्यांना तुमचा हात लागलाय," थोरला म्हणाला. "ह्या गाडीत गेल्या म्हणजे तुमचा हात गाडीला लागल्यासारखंच की."

मुद्दा बिनतोड होता. बाबा असते तर त्यांनी हाच काढला असता.

धाकटी पुढे झाली. तिनं स्पिरिटची बाटली उघडली, कापूस भिजवला आणि दोन्ही कॉईल टोकापासून टोकापर्यंत पुसून काढल्या. दोनदा. "झालं," ती म्हणाली. "आता ह्यांना कुणाचाच हात लागलेला नाही."

थोरल्यानं त्या बसवल्या, स्वतःच्या हातानं. किल्ली फिरवली. गाडी चार सिलिंडरांवर अशी सुरू झाली की मावशीनं पुन्हा हुंदका दिला. बाबांना उचलून मागे ठेवलं, आई त्यांच्या शेजारी बसली. मग लक्षात आलं की फाटकात गॅरेजवाल्याची गाडी आडवी उभी आहे, आणि ती आता दोनच कॉईलवर. सुरूही होईना. सगळ्यांनी मिळून ती ढकलून बाजूला केली. बाकीची मंडळी पुढे निघून गेली.

"काका, आमच्या गाडीत या," थोरला म्हणाला.

"आत बसलो तर हात लागेल."

"मांडीवर ठेवा हात."

"आणि वळणावर काय धरू? तुझ्या बापाला?" गॅरेजवाल्यानं स्वतःच्या डिकीतून दोरखंड काढला आणि थोरल्याकडे फेकला. "तुझ्या बाजूची गाठ तू मार. माझ्या बाजूची मी मारतो."

अशी ती यात्रा निघाली. पुढे मेलेला माणूस चालत्या गाडीत, मागे चालता माणूस मेलेल्या गाडीत, आणि मध्ये दोरी. चौकात लोकांनी थांबून नमस्कार केले; निम्म्यांनी पुढच्या गाडीला केले, निम्म्यांनी मागच्या. गॅरेजवाल्यानं उभ्या आयुष्यात हजारभर गाड्या ओढून आणल्या होत्या, पण त्याला कुणी ओढत नेण्याची ही पहिलीच वेळ. स्टीअरिंग घट्ट धरून, ताठ, पांढराफटक पडून, तो समोरच्या गाडीच्या मागच्या काचेकडे बघत होता. चढावर बाबांची गाडी एकदाही कण्हली नाही.

अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी ते पोचले. दाहिनीचा माणूस ढकलगाडी घेऊन आला, दोरीकडे पाहिलं, आणि जी गाडी बंद तिच्यातच मयत असणार असा सरळ हिशेब करून त्यानं मागच्या गाडीचं दार उघडलं. आत गॅरेजवाला, डोळे थिजलेले, हात स्टीअरिंगला चिकटलेले.

"असं बसवून कशाला आणलंत?" तो माणूस वैतागून म्हणाला. "आता ह्यांना सरळ कोण करणार?"

"बावीस वर्षं कुणाला जमलं नाही ते," आई पुढच्या गाडीतून उतरत म्हणाली. "आमचे इकडे आहेत."

बाकीचं लवकर उरकलं. अशा गोष्टी उरकायला फार वेळ लागत नाही, म्हणूनच त्या जड जातात. दार बंद झालं. मंडळी एकेक करून पांगली. आवारात दोन गाड्या, एक दोरी आणि चार माणसं उरली.

गॅरेजवाल्याच्या दोन कॉईल परत करायच्या होत्या; परतीच्या वाटेवर ओढायची पाळी त्याच्या गाडीची. थोरल्यानं बाबांच्या गाडीचं बॉनेट उघडलं, पाना हातात घेतला. पाना बोल्टवर बसेना. एकदा घसरला, दोनदा घसरला. तिसऱ्यांदा तो खाली पडला आणि थोरला तिथेच बंपरला धरून, सकाळपासून पहिल्यांदाच, मोठ्यानं रडायला लागला. धाकटीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. गॅरेजवाला चार पावलांवर उभा होता, हात पाठीमागे बांधून.

"तिथे काय उभा राहिलायस?" आई त्याला म्हणाली. "पोराला दिसत नाहीये धड. पुढे हो."

"वहिनी, त्यानं शब्द घेतलाय."

"घेतला होता. त्यांना न्यायचा. नेलं." आईनं पदरानं चष्मा पुसला. "आम्हाला परत कसं आणायचं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी ऐकलं असतं. पंचावन्न वर्षं दुसरं काय केलं मी?"

गॅरेजवाल्यानं दोन्ही हात सदऱ्याला पुसले, पांढऱ्या सदऱ्याला, पुढून आणि मागून, कुणाच्या तरी घरात पहिल्यांदा जाताना पुसावेत तसे. पुढे आला. इंजिनात वाकला, आणि पान्याला हात न लावता आधी नुसता तळहात त्या लोखंडावर ठेवला.

"गरम आहे अजून," तो म्हणाला.