मास्तरांच्या मांजरीवर आलेला आळ

"आमच्याकडे जंतूसुद्धा चपला बाहेर काढून आत येतो," असं जनावरांचे डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्यात फारसं खोटं नव्हतं. एक पेशंट उतरला की टेबल औषधाने पुसलं जाई. डॉक्टर कोपरापर्यंत हात असे घासत, की बाहेरच्या खोलीतली कुत्री आता आपलीच आंघोळ आहे असं समजून बाकाखाली शिरत.

शिवाय त्यांची एक खास पद्धत होती. घाबरलेलं मांजर ते तपासण्याआधी छातीशी धरत. अंगात थोरल्या बहिणीने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर असे. त्या उबेत वाघीणही गोगलगाय झाली असती.

आणि मग एकामागून एक मांजरं टक्कल घेऊन परत येऊ लागली. लसीला आलेलं मांजर गजकर्ण घेऊन जाई, नखं कापायला आलेलंही तेच.

"पुसायचं औषध बदलून बघायचं का?" काउंटरवर बसणाऱ्या बायकोने विचारलं.

"औषध उत्तम आहे. कुणीतरी बाहेरून आणतंय."

हे कुणीतरी म्हणजे मास्तर, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं. निवृत्त शिक्षक, घरात एकटे. मांजरीला टोपलीत घालून संध्याकाळी यायचे. मांजरीला बहुधा काहीच झालेलं नसे, ती टोपलीतच झोपून राही. मास्तरांना गप्पा मारायच्या असत आणि खरं तर डॉक्टरांनाही. पण दवाखान्याची अब्रू पणाला लागली होती.

"मास्तर, उद्यापासून हिला आणू नका," भरल्या खोलीत डॉक्टर म्हणाले.

"का? काय झालंय तिला?"

"अंगावर काही दिसत नाही, हीच तर गोम आहे. अशी मांजरं स्वतः ठणठणीत राहतात आणि गावभर वाटत सुटतात."

"ही वाटणाऱ्यातली नाही हो. घरात मला उशीसुद्धा देत नाही."

लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ब्रश फिरवून मांजरीचे केस काढले, तपासणीला पाठवायला पाकिटात घातले आणि बिथरलेल्या मांजरीला सवयीने छातीशी धरलं. मास्तरांनी टोपलीचं झाकण दोनदा लावलं, तरी ते नीट लागेना.

काम शास्त्रशुद्ध व्हावं म्हणून डॉक्टरांनी टेबल, बाक, पिंजरे, सगळ्यांचे नमुने पाठवले होते. बायकोने त्यांना न विचारता त्यात आणखी एक घातला होता. गजकर्णाची बुरशी उगवायला वेळ लागतो, तेवढे दिवस संध्याकाळी डॉक्टर मास्तरांच्या रिकाम्या जागेकडे पाहत बसले.

मग प्रयोगशाळेतून फोन आला. मास्तरांची मांजर स्वच्छ. टेबल स्वच्छ. पिंजरेही स्वच्छ.

"फक्त शेवटचा नमुना," पलीकडचा माणूस म्हणाला, "कुठल्या प्राण्याचा आहे? फारच भरभरून उगवलंय."

डॉक्टरांनी तोच प्रश्न बायकोला विचारला.

"घरातलाच आहे म्हणावं," ती म्हणाली. "स्वेटर. शेवटचा कधी धुतला होता?"

"लोकर आटते," डॉक्टर म्हणाले. आपण हे मोठ्याने बोललो, याचं त्यांना लगेच वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी ते मास्तरांच्या दारात उभे राहिले. कोऱ्या शर्टात, हात धुऊन धुऊन लाल झालेले. रस्त्यात जुळवलेली वाक्यं ऐन वेळी पसार झाली.

"चूक माझी होती, मास्तर. तुमची मांजर स्वच्छ होती."

"होती खरी," मास्तर म्हणाले. दार त्यांनी अर्धंच उघडलं होतं. "तुम्ही त्या दिवशी तिला जवळ घेईपर्यंत होती. नंतर चट्टे आले. मग मलाही आले." त्यांनी मनगट पुढे केलं.

डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "औषध मी देतो. रोज येऊन लावून जातो."

"दुसऱ्या डॉक्टरांचं सुरू आहे. बरी होतेय. ते हातमोजे घालतात, तिच्याशी एक शब्द बोलत नाहीत, जवळ तर घेतच नाहीत." मास्तरांनी मनगट मागे घेतलं. "तिला ते अजिबात आवडत नाहीत. मलाही नाहीत."

"मग उद्यापासून आमच्याकडे या की."

"नको," मास्तर अगदी मायेने म्हणाले. "तुम्ही आम्हाला फार आवडता, डॉक्टर. तीच तर भीती आहे."