हॉलमधली बांधी

डोमाजी पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा चहा यायच्या आधीच त्यांनी सोफ्यापुढची फरशी अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या हॉलमंदी धान लय मस्त पिकत होता."

वरठीजवळचा आमचा लेआउट त्यांच्याच विकलेल्या वावरावर उभा आहे. धानासाठी बांध घालून पाणी अडवलेला वावराचा एकेक तुकडा म्हणजे बांधी. आम्ही प्लॉट नंबर सांगतो, डोमाजी बांधी सांगतात. बँकेतले साठवणे त्यांच्या हिशेबाने फसणीच्या, म्हणजे पाय रुतणाऱ्या चिखलाच्या बांधीत राहतात, आणि हे ते साठवण्यांच्या पाहुण्यांनाही सांगतात. कोणी कंपाउंडची भिंत घातली की हे हजर. "पान्याची वाट बुजवून राह्यले तुमी." आम्ही हसायचो. मंजूर नकाशा बघून घरं घेतलेली शहाणी माणसं आम्ही.

या भादव्यात पाणी घरात शिरलं. साठवणे आणि मी अर्ज घेऊन निघालो. एका कार्यालयाने हद्द आमची नाही म्हटलं. दुसऱ्याने लेआउट अजून ताब्यात आलेला नाही म्हटलं. तिसऱ्या साहेबांनी नकाशा पसरून नाली दाखवली. निळ्या शाईतली, सरळ, सुबक नाली. आम्ही तिचा फोटो काढून परतलो.

येऊन बघतो तर पाणी ओसरत होतं. लेआउटच्या टोकाला एकच बांधी डोमाजींनी विकली नव्हती. बायकोने जपलेलं जुनं बियाणं ती गेल्यावरही ते दरवर्षी तिथे लावायचे. दुसरीकडे ते कुठेच उरलं नव्हतं. धान नुकता निसवला होता, लोंब्या बाहेर पडत होत्या. डोमाजींनी फावड्याने वरचा बांध फोडला होता, खालचाही फोडला होता, आणि आमच्या साऱ्या वस्तीचं घाण पाणी त्या धानावरून नाल्याकडे चाललं होतं.

मी म्हटलं, डोमाजी, बियाणं जाईल.

"वरच्या बांधीचं पानी खालच्यानं घ्याच लागते, मास्तर. तुमच्या घरात लेकरं हायेत."

मला फार लाज वाटली. पँट दुमडून मी चिखलात उतरलो. मागून साठवणेही उतरले. आडवा झालेला धान कसा उभा करायचा, हे आम्हा दोघांनाही येत नव्हतं. चारपाच रोपं तर आम्ही उपटूनच काढली. डोमाजींनी एरवी आमची सालटी काढली असती. आज त्यांनी माझा हात धरून चार रोपांची जुडी बांधून दाखवली.

मग तोंड फिरवून म्हणाले, "ती गेल्यावर या बांधीत माह्यासंगं कोनी उतरलं नोयतं."