पम्या की युसूफ

नारखेड्यांनी मला हातात असं कधी काही दिलं नाही. कोथिंबीर, मिरच्या, एकदा तर अख्खा दुधी, सगळं कुंपणावरून फेकलं. फेकण्याआधी डावा गुडघा छातीपर्यंत वर घ्यायचा, डोळे बारीक करायचे आणि मग, "ताई, कॅच." मला एकही कॅच जमला नाही. दुधी माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर आपटून फुटला तेव्हा पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "फील्डिंग कच्ची आहे तुमची."

ट्रुगानिनात, परदेशातल्या या आमच्या उपनगरात, घरं इतकी चिकटून की त्यांच्या फोडणीने आमच्या हॉलमध्ये ठसका लागतो. नारखेडे मूळचे भुसावळचे, पन्नाशी उलटलेली, एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचे. बायको पर्थला लेकीच्या बाळंतपणाला गेली, राज्याची बॉर्डर बंद झाली आणि ती तिकडेच अडकली. लॉकडाउनमध्ये एकेकट्या माणसांनी ब्रेड भाजला, योगा केला. नारखेड्यांनी एक प्रश्न धरला: आमच्या पिढीतला सगळ्यात मोठा ऑलराउंड बेसबॉल प्लेअर कोण?

आमच्या पिढीतला म्हणजे जगातला नव्हे हं. यांच्या कॉलेजच्या दिवसांत भुसावळच्या रेल्वे मैदानावर जी काही टाळकी बेसबॉल खेळायची, त्यांच्यातला. आता यावर मी काय बोलणार? मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेलं की हे दीड मीटरवर हजर.

"युसूफ तडवी. बॉल टाकणार तो, मारणार तो, पळणार तो. आहे का कोणी तोडीचा?"

"नसेल," मी म्हणायची.

"असं नका करू ताई. कोणीतरी विरोध केला पाहिजे. आणि नुसतं बॅटिंगवर नका जाऊ, ऑलराउंड बोला."

माझी लेक ऑनलाइन क्लासमधून ओरडायची, "मम, जस्ट ॲग्री अँड कम इन्साइड."

खरा विरोध करायला त्यांचे दादा होते. थोरले भाऊ, भुसावळलाच राहायचे. दर शनिवारी दुपारी नारखेडे कानात ते ब्लूटूथ खुपसून मागच्या अंगणात फेऱ्या मारत आणि दादांशी कडाकडा भांडत. मला ऐकू यायची ती एकच बाजू. "अरे दादा, पम्याचं काय घेऊन बसलास? पम्याला धड वळणारा कर्व्ह बॉल टाकता येत नव्हता. युसूफच्या पासंगाला तरी पुरतो का पम्या?" एवढ्यावरून मला कळलं की हा पम्या म्हणजे दादांचा उमेदवार. कोण हा, म्हणून एकदा विचारलं तर खांदे उडवून म्हणाले, "होता एक. बरा खेळायचा. ऑलराउंड नाही."

या भांडणाचा मला मनापासून वैताग यायचा. शनिवारी जरा डोळा लागतोय तोवर पलीकडे पम्या आणि युसूफ.

मग तिकडे दुसरी लाट आली. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात कोणीतरी फोन कानाला लावून अंगणात फिरत होतं. दादांना हॉस्पिटलमध्ये ठेवल्याचं नारखेड्यांनी मला बिनपाशी सांगितलं, मास्कमधून, जमिनीकडे बघत. देशाबाहेर जायची परवानगी मागितली, ती येईना. आली असती तरी विमानं बंद. मला त्या दिवसांत भयंकर राग यायचा आणि तो कोणावर काढायचा तेच समजायचं नाही. कुंपणावरून काही येईनासं झालं. शनिवारची दुपार चिडीचूप. मला हवी होती तश्शी, आणि डोळ्याला डोळा लागत नव्हता.

दादा गेले. नारखेड्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली, "ताई, जरा थांबता का इथे? एकट्याने बघवणार नाही." स्मशानातून व्हिडिओ कॉल लागला होता. त्यांनी फोन कुंपणावर धरला आणि मी माझ्या बाजूने बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहिले. घरचे सगळे पॉझिटिव्ह. म्हणून प्लास्टिकचा सूट घालून दादांना अग्नी दिला तो युसूफ तडवीने. हा तो युसूफ. हातात बॉल असलेला कोणी उमदा गडी मी मनात धरला होता, आणि हा तर दम लागलेला, पिकल्या दाढीचा माणूस.

सगळं झाल्यावर तो फोनजवळ आला. "पम्या," तो म्हणाला, आणि नारखेडे म्हणाले, "बोल."

बादलीवर उभ्या उभ्या मला पम्या कोण ते कळलं.

"नळ्या लावल्या होत्या तरी दादांचं तेच चाललेलं रे. म्हणे, पम्याला सांग, तो चुकतोय. तुझ्यापेक्षा पम्याच भारी."

फोन बंद झाला. नारखेडे बराच वेळ तसाच हात वर करून उभे होते. मग म्हणाले, "वाद संपला ताई. दादाची बाजू मी कशी मांडणार? आपल्याच तोंडाने कसं म्हणायचं? जगात तसं म्हणणारा तेवढा एकच होता." कुंपणावरून हात पुढे करावा म्हटलं, तर तेही नियमात बसत नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुपारी त्यांच्या अंगणात नुसत्या फेऱ्यांचा आवाज येत होता. बोलणं नाही. मी पाच मिनिटं ऐकलं, मग बाहेर जाऊन बादलीवर चढले.

"नारखेडे, तुमचं साफ चुकतंय. पम्याच."

फेऱ्या थांबल्या. "तुम्ही काय बघितलंय पम्याचं?"

"दुधी बघितलाय. चादरीचा डाग अजून गेला नाही."

मग आवाज आला, पण पार फुटलेला. "नुसतं थ्रोवर नका जाऊ ताई. ऑलराउंड बोला."

मला बेसबॉलमधलं काही कळत नाही. तरी सुचेल ते बोलत राहिले. पम्या पळायचा कसा, मारायचा कसा, सगळं मनाने रचून. पलीकडे ते हुंदके देत होते, आणि मधूनमधून म्हणत होते, "चूक. हेही चूक. पुढे बोला."